निळं पाऊल, लाल पाऊल

पडद्यावर एक पाऊल दिसत होतं. निळंशार, आणि बोटांकडे तर काळपट. हॉलमधली झाडून सगळी माणसं माना उंचावून त्या पावलाकडे बघत होती, आणि पडद्याकडे पाठ करून दादा बोलत होते. दादांना डॉक्टर म्हणणारे बरेच होते. दादांनी त्यांना कधी अडवलं नाही, आणि आपण डॉक्टर आहोत असं स्वतःच्या तोंडानं कधी म्हटलंही नाही. पांढरा कोट मात्र कडक इस्त्रीचा असे.

"ही नस मेली आहे," दादा म्हणाले. "भल्याभल्यांनी हात टेकले होते. पण मूळपेशी हात टेकत नाही. का? तर मूळपेशी म्हणजे शरीरातली कोवळी पोर. तिला अजून नोकरी नाही, घर नाही, संसार नाही. जिथे धाडाल तिथे जाईल, जे व्हायला सांगाल ते होईल. आपण तिच्या कानात फक्त पत्ता सांगायचा. उजवा पाय, अंगठ्याची नस. बास."

पत्ता सांगून झालेले थेंब पलंगावरच्या म्हाताऱ्याच्या जिभेखाली पडले. हा म्हातारा निवृत्त पोस्टमन होता. सगळी हयात पत्त्यांवर गेलेली, त्यामुळे दादांचं म्हणणं त्याला तरी चटकन पटलं असणार. मदतनीस ताईनं त्याच्या पायांवर जाड ब्लँकेट घातलं आणि आत हात घालून ती तळवे चोळू लागली. दादांची टकळी चालूच होती. पेशी आता मानेत आली, आता छातीत, आता गुडघ्याशी जरा थबकली, कारण गुडघ्यात म्हणे संशय साठलेला असतो. मग ब्लँकेट दूर झालं, आणि पडद्यावर तेच पाऊल नारिंगी झालं, लालबुंद झालं.

हॉलमधून एक सुस्कारा उठला आणि मग टाळ्या. पोस्टमन ढसाढसा रडला. पुढच्या बाकावरची टायपिस्ट आजीही त्याच्याबरोबर रडली, तिचा पाय आदल्याच आठवड्यात लाल झाला होता.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्यात काय नवल, असं तुम्ही म्हणाल. नवल असं की बाईंचा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला होता. रिकाम्या मुठीतून राख काढणारा कुणी गावात आला की बाई दुसऱ्याच दिवशी वर्गात तशीच राख काढून दाखवत आणि वर मुलांना विचारत, बोला, मी कोणती देवी? अशा बाई. आणि या हॉलमधली चलाखी त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली होती. ओळखली, आणि मूग गिळून बसल्या. दर आठवड्याला यायचं, बूट बाहेर काढायचे, पाय धुऊन आत बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

याचं कारण साधं होतं, पण ते कबूल करणं सोपं नव्हतं. बाई एकट्या होत्या.

नवरा गेल्यापासून घरात दोन खुर्च्या होत्या आणि बसणारं एकच माणूस. बाई रेडिओ लावून ठेवत, ऐकण्यासाठी नव्हे, घरात कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून. बहिणीची मुलगी त्याच शहरात मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांची डॉक्टर होती. मावशी, ये की, असं ती फोनवर म्हणे, आणि बाई म्हणत, तुला कामं असतील. खरोखरच तिला कामं असत. मग फोन ठेवल्यावर बाई मोठ्यानं स्वतःशीच म्हणत, चला, स्वयंपाकाला लागा. आणि काहीच न करता बसून राहत.

त्यातून पाय दुखायला लागला. थोडं चाललं की डाव्या पोटरीत पेटका येई, उभं राहिलं की जाई, पुन्हा चाललं की पुन्हा येई. भाचीनं तपासून सांगितलं होतं की मांडीतली धमनी आतून अरुंद झाली आहे, गोळ्या घे आणि रोज चाल, दुखेपर्यंत चाल, थांब, परत चाल. गोळ्या बाई घेत. चालायला मात्र कोण जातंय एकटं. भर रस्त्यात मध्येच थांबायची लाज वाटे, म्हणून पोटरी धरली की बाई समोरच्या दुकानाच्या काचेत बघत उभ्या राहत, जणू काही घ्यायचंच आहे.

अशाच एकदा नळांच्या दुकानासमोर उभ्या होत्या. शेजारी एक गृहस्थ तितक्याच गांभीर्यानं नळ न्याहाळत होते. बराच वेळ कुणीच हलेना. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला नळ घ्यायचाय की तुमचाही पाय दुखतोय?"

बाई कितीतरी महिन्यांनी खळखळून हसल्या.

ते घड्याळ दुरुस्त करणारे होते. दुकान विकून झालं होतं, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांबच्या शहरात नांदत होती. सगळी पेठ त्यांना घड्याळजी म्हणे, बाईही तेच म्हणू लागल्या. घड्याळजींनीच त्यांना दादांच्या हॉलबद्दल सांगितलं. दादांचा एक दंडक होता: हॉलमध्ये यायचं तर गाडीनं यायचं नाही, चालत यायचं, आणि एरवीही रोज चालायचं, कारण आळशी माणसाच्या अंगात मूळपेशी रमत नाही. मग काय, दोघं रोज चालायला लागले. नळांचं दुकान, मग चष्म्याचं, मग केक मांडून ठेवणारी बेकरी. दोघांच्या पोटऱ्या साधारण एकाच वेळी धरत. थांबायचं, गप्पा मारायच्या, पुढे निघायचं. बेकरीच्या पुढे बाग होती. बागेपर्यंत न थांबता जाणं पहिल्यांदा जमलं तेव्हा घड्याळजींनी टोपी काढून बाईंना सलाम ठोकला आणि म्हणाले, "बघा, दादांचे थेंब."

थेंब कसले, बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. अहो, चालण्यानं झालं हे. मोठी वाट अडली की शरीर बाजूच्या बारक्या रक्तवाहिन्या रुंदावतं, रोज चालणाऱ्याच्या त्या जास्त रुंदावतात. पण हे बोललं तर घड्याळजी हॉल सोडतील, हॉल सोडला तर चालायचं कारण संपेल, आणि मग नळांच्या दुकानासमोर पुन्हा आपण एकट्या. बाई नुसत्या म्हणाल्या, "हो ना." शिवाय थेंबांनी नुकसान तर काही नाही, साखरेचं पाणी आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. एवढं लंगडं समर्थन वर्गात कुणी केलं असतं तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

आणि नुकसान झालंच.

एके दिवशी घड्याळजी चष्म्याच्या दुकानापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. वाटेतल्या बाकावर बसले आणि बूट काढला. बाईंनी बघितलं तर करंगळीच्या टोकाला काळा डाग. गोळ्या घेताय ना, बाईंनी विचारलं. घड्याळजी म्हणाले की कधीच सोडल्या, दादांनीच सांगितलं, गोळ्यांनी नव्या पेशी झोपी जातात. डागही त्यांनी दादांना दाखवला होता. दादा म्हणाले होते की जुनी नस बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.

"उद्याच्या उद्या माझ्या भाचीकडे चला," बाई म्हणाल्या.

"तिथे गेलं की पाय कापतात. माझा पाय लाल झालेला मी या डोळ्यांनी पाहिलाय."

मग बाईंनी सांगून टाकलं. पडदा खोटा आहे, आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. घड्याळजी चिडले नाहीत, आणि तेच बाईंना जास्त लागलं.

"पहिल्या दिवसापासून?" ते म्हणाले. "मग तुम्ही रोज माझ्याबरोबर का येत होता?"

बाई उत्तर देण्याऐवजी पुन्हा रुग्णालयाचंच सांगू लागल्या. घड्याळजींनी बूट चढवून नाडी बांधली. तुम्हाला कुणीच बरं झालेलं बघवत नाही असं लोक म्हणतात ते खरं दिसतंय, एवढं बोलून ते लंगडत निघून गेले. दुसऱ्या दिवशी नळांच्या दुकानापाशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी गेल्या तर दार उघडलं नाही, आत पावलं वाजली आणि थांबली.

बाई घरी येऊन बसल्या. दार न उघडणाऱ्या माणसाशी वाद तरी कसा घालायचा? पण हॉलमध्ये ते येणार होते. पुढच्या बैठकीत बाईंच्या पायाची पाळी होती. त्या दिवशी पाय लाल करून घ्यावा आणि गप बसावं, म्हणजे कदाचित घड्याळजी पुन्हा बरोबर चालतील. पण चालणार कशावर? पाय राहिला तर ना.

त्यांनी कपाट उघडलं. नवऱ्याचे कपडे देऊन टाकले होते, एक लोकरी मोज्यांची जोडी तेवढी राहिली होती. ती देववली नव्हती. गॅलरीत एक कुंडी होती, तिच्यातलं रोप वाळून गेलं होतं. बाईंनी त्यातली माती एका मोज्यात ठासून भरली, दाबून दाबून टाच केली, पंजा केला, वरचं तोंड शिवलं. तयार झाला तेव्हा तो अगदी नवऱ्याच्या पायासारखा दिसत होता. बाई त्याला हातात घेऊन जरा वेळ बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी तो पिशवीत टाकला.

हॉल खचाखच भरला होता. पोस्टमन, टायपिस्ट आजी, सगळे होते. घड्याळजी कोपऱ्यात होते, नजर चुकवून. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी बूट बाहेर काढले होते, पाय थंडगार पाण्यानं धुतले होते आणि ओल्या फरशीवर अनवाणी ठेवून बसले होते, कारण पेशीला शुद्धता लागते. बाईंनी पिशवीतला मोजा हळूच बाकाखाली त्याच फरशीवर ठेवला. शुद्धता त्यालाही लागू दे.

पाळी आली, तशी बाई मोजा पदराआड घेऊन उठल्या. पलंगापुढे कापडाचा आडोसा असे, पायांकडे रोखलेला कॅमेरा आडोशाच्या आत आणि त्याचं चित्र वर पडद्यावर. बाईंनी पलंगावर बसून पाय पोटाशी घेतले आणि पायाच्या जागी मोजा ठेवला. मदतनीस ताई थबकली. तिनं मोज्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग तिनं बाईंच्या जिभेखाली थेंब सोडले आणि मोज्यावर ब्लँकेट घातलं. तीही रोज काय बघत होती ते तिचं तिला माहीत.

पडद्यावर तेवढ्यात निळं पाऊल दिसून गेलं होतं. दादा नेहमीसारखे पाठमोरे. पडद्याकडे ते कधीच वळून बघत नसत. काय दिसणार ते त्यांना आधीच ठाऊक असे.

"बाईंचा पाय बघा," दादा म्हणत होते. "शिकलेल्या माणसाची नस फार हट्टी. तिला पुरावा लागतो. पण पेशी निघाली आहे. गुडघ्याशी जरा थांबली, बाईंच्या गुडघ्यात संशय जरा जास्तच आहे."

लोक हसले. बाईसुद्धा हसल्या. ब्लँकेट दूर झालं आणि पाऊल पडद्यावर लालबुंद उगवलं.

"ही पाहा नवी नस," दादा म्हणाले. "जिवंत, कोवळी, रक्तानं भरलेली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी आडोसा बाजूला सारला, मोजा उचलून डोक्यावर धरला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "अभिनंदन करा. माझ्या नवऱ्याच्या मोज्याला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या. आत कुंडीतली माती आहे."

वर पडद्यावर रिकाम्या पलंगाची उबदार जागा तेवढी लाल दिसत होती. दादा पहिल्यांदाच मागे वळले. हा कट आहे, या बाईच्या नकारात्मक लहरींनी यंत्र बिघडलं, असं काहीतरी ते पुटपुटले, पण बाईंनी ब्लँकेट उलटं करून त्यातून निघालेली वायर वर धरली होती. हे विजेवर तापणारं ब्लँकेट आहे, त्या म्हणाल्या. हा कॅमेरा रक्त दाखवत नाही, उष्णता दाखवतो. गार ते निळं, गरम ते लाल. आधी आपले पाय गार पाण्यानं धुतात, ओल्या फरशीवर ठेवतात, निळे करतात. मग पांघरूण घालून चोळतात, लाल करतात. घरी गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवा, तुमची बादली हाच चमत्कार करेल. आणि थेंबांत खरंच पेशी असती, तरी ती पोटातच पचली नसती का? जिवंत पेशी गिळून अवयव उगवत असते तर काकडी खाणाऱ्याच्या अंगावर वेल चढला असता.

कुणीतरी फसकन हसलं. पण बहुतेक जण हसले नाहीत. टायपिस्ट आजी उठून बाईंजवळ आली आणि रागानं म्हणाली, "आम्हाला इथे बरं वाटत होतं. तुमचं काय जात होतं?"

"माझं बरंच जाणार आहे," बाई म्हणाल्या. मग त्या कोपऱ्याकडे वळल्या. एवढ्या लोकांत त्या एकाच माणसाशी बोलत होत्या. "तुम्ही विचारलंत मी का येत होते. तुमच्यासाठी येत होते. घरी एकटीला करमत नव्हतं म्हणून खोट्यावर टाळ्या वाजवल्या. आता पाया पडते, रुग्णालयात चला."

बाहेर येऊन घड्याळजी बूट घालायला वाकले तेव्हा त्यांना तो घालता येईना, आणि बाईंनी खाली बसून नाडी बांधली तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला नाही.

भाचीनं त्याच दिवशी त्यांना आत घेतलं. मांडीच्या धमनीतून बारीक फुगा नेऊन अडलेली वाट मोकळी केली. करंगळी गेली, पाय वाचला. बाहेरच्या बाकावर बसून भाचीनं मावशीला सगळं समजावलं. मूळपेशी ही थाप नाही, ती म्हणाली, थाप त्या बाटलीत होती. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं की आसपासच्या पेशी वाढून ते सांधतात, आणि हाडांमधल्या मज्जेतून निघालेल्या काही पेशीही रक्तातून त्या जागी पोचतात. त्या स्वतः भिंत होऊन बसण्यापेक्षा शेजारच्या पेशींना इशारे देऊन कामाला लावतात, असं आता बरेच अभ्यासक मानतात. बाहेरून अशा पेशी देऊन पाय वाचवता येतील का, याचे प्रयोग चालू आहेत. कुणाला थोडा गुण येतो, कुणाला येत नाही, आणि जो प्रामाणिक असतो तो तसं सांगतो. सर्रास द्यावा असा उपचार अजून झालेला नाही.

"म्हणजे आत दुरुस्ती चालूच असते," बाई म्हणाल्या.

"रात्रंदिवस चालू असते. पण तिला वेळेवर रक्त पोचायला हवं, गोळ्या हव्यात, चालणं हवं. तू त्यांना आधी का नाही आणलंस, मावशी? महिनाभर आधी आले असते तर बोटही राहिलं असतं."

घड्याळजींना न्यायला त्यांची मुलगी आली. आता बाबा माझ्याकडेच राहतील, ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. निघताना घड्याळजींनी बाईंचा हात हातात घेतला. त्यांनी आभार मानले, मनापासून मानले. मग म्हणाले, "तुम्ही एकट्या आहात एवढंच त्या नळांपाशी सांगितलं असतंत, तर मी थेंबांशिवायही चाललो असतो."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी बाई तिथेच उभ्या होत्या.

हॉलला कुलूप लागलं. दादा दुसऱ्या कुठल्या तरी शहरात, दुसऱ्या कुठल्या तरी पडद्याकडे पाठ करून बोलत असतील. तसा कुणी तुमच्या गल्लीत आला तर पडद्याकडे बघू नका. त्याआधी पाय कुठे ठेवला होता, ब्लँकेटखाली काय आहे, आणि गोळ्या बंद करा म्हणणारा वैद्यक कुठे शिकलाय, एवढं विचारा. आणि तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर कुणाची सोबत जाईल म्हणून गप बसू नका.

बाई रोज चालायला जातात, एकट्याच. पोटरी धरली की नळांच्या दुकानासमोर थांबतात. पेठेतली काही माणसं त्यांना बघून रस्ता ओलांडतात, कारण बाईंनी त्यांची हॉलमधली संध्याकाळ मोडली. परवा काचेत बघत असताना शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. टायपिस्ट आजी होती. ओठ घट्ट मिटलेले, एक हात पोटरीवर, आणि नजर नळांवर.

बाईंनी आधी घसा साफ केला.

"मी एकटी असते," त्या म्हणाल्या. "बरोबर चालाल का? आणि एक सांगा, गोळ्या घेताय ना?"